गळ्यातलं सोनं मोजणारी माणसं

(कल्याण पूर्वेतल्या युवक मेळाव्यात केलेलं भाषण. बोललो तसंच लिहून काढलं आहे.)



आज मी बप्पी लाहिरीवर बोलणार आहे. हसा. हसून घ्या एकदा. विषय ऐकून कमिटीतले लोकपण हसले. म्हणाले, इथं शिष्यवृत्तीचा प्रश्न आहे, कंत्राटी कामगारांचा प्रश्न आहे, आणि हा डिस्कोवर बोलणार. मी म्हणालो, त्याच प्रश्नावर बोलणार आहे, फक्त दुसऱ्या दारानं आत शिरणार आहे. माणूस जिवंत असताना त्याला कोण काय म्हणतं त्यावरून समाज कळतो, हे खरंच. पण माणूस मेल्यावर त्याला कोण काय म्हणतं, त्यावरून समाज जास्त कळतो. मेलेला माणूस उत्तर द्यायला उठत नाही. म्हणून बोलणाऱ्याच्या पोटातलं बाहेर येतं.

२०२२ चा फेब्रुवारी आठवा. ६ तारखेला लताबाई गेल्या. केंद्र सरकारनं दोन दिवसांचा राष्ट्रीय दुखवटा जाहीर केला. महाराष्ट्रात ७ तारखेला सार्वजनिक सुट्टी. शिवाजी पार्कावर अंत्यविधी, पंतप्रधान हजर. आपल्याकडं तेव्हा ठाणे-दिवा पाचव्या-सहाव्या मार्गासाठी रेल्वेचा ७२ तासांचा ब्लॉक चालू होता. लोक कळव्या-मुंब्र्याकडून बस-रिक्षांना लोंबकळत होते आणि प्रत्येकाच्या मोबाईलवर शिवाजी पार्क. बरोबर नऊ दिवसांनी, १५ तारखेच्या रात्री, जुहूच्या हॉस्पिटलात बप्पी लाहिरी गेला. वय ६९. झोपेत श्वास अडकायचा आजार. १७ ला विलेपार्ल्याच्या स्मशानात जाळला. १८ ला ठाणे-दिवा मार्गाचं उद्‌घाटन झालं, आणि सगळं विसरून गाड्या धावायला लागल्या.

मी तुलना करून लताबाईंना खाली ओढणार नाही. तो आवाज आमच्या पत्र्याच्या घरातपण होता. माझा मुद्दा नऊ दिवसांच्या अंतरानं आलेल्या दोन मरणांचा आहे. पहिल्या मरणाला अख्खा देश खाली मान घालून उभा राहिला. दुसऱ्या मरणाला अर्धा देश गालातल्या गालात हसत उभा राहिला. ते हसू मला तपासायचं आहे.

१६ तारखेच्या सकाळी मी कल्याणहून सँडहर्स्ट रोडला पहिल्या पाळीला चाललो होतो. डब्यात तीन तऱ्हेची माणसं दिसली. एक म्हणाला, "आता त्या सोन्याचं काय होणार?" आणि आख्खा डबा हसला. दुसरा, डोंबिवलीला चढलेला, इस्त्रीच्या शर्टातला, म्हणाला, "गोंगाट होता हो तो, संगीत थोडंच होतं." तिसरा आमच्याच वस्तीतला, लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरनेट वाजवणारा. तो काही बोलला नाही. मुलुंड येईपर्यंत बोटं मांडीवर नाचवत होता. नंतरच्या आठ दिवसांत पेपरात, टीव्हीवर, भाषणांत जे आलं, ते सगळं या तीन माणसांच्यात बसतं. म्हणून मी तिघांनाही एकेक करून घेतो.

पहिला सोनं मोजणारा.

बप्पी लाहिरी २०१४ ला बंगालात श्रीरामपूरमधून भाजपच्या तिकिटावर लोकसभेला उभा होता. हरला. पण उमेदवार म्हणून त्यानं मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र दिलं, त्यात सोनं ७५४ ग्रॅम आणि चांदी ४ किलो ६२० ग्रॅम असा आकडा होता. तो मेल्यावर हा आकडा सगळीकडं फिरला. गाणी किती केली, कोणाकडून गाऊन घेतली, हे खाली. वर पहिलं वाक्य सोन्याचं. माणूस मेलाय आणि हे गळ्यातल्या साखळ्या मोजतायत.

आता हिशोब करू. १० ग्रॅमचा तोळा धरला तर ७५४ ग्रॅम म्हणजे पंच्याहत्तर तोळे. मी विचारतो, ठाणे जिल्ह्यात पंच्याहत्तर तोळे सोनं असलेली किती घरं असतील? इथल्या हॉलमध्ये लग्नं होतात. नवरीच्या अंगावर राणीहार, मोहनमाळ, तोडे, वाक्या, कंबरपट्टा. कोण हसतं? उलट बाया हात लावून बघतात. देवाच्या मुकुटाचं वजन पेपरात छापून येतं तेव्हा कोण हसतं? बिल्डर दोन्ही हातांत कडी घालून फिरतो, त्याला लोक उठून खुर्ची देतात. तर मग सोनं हसण्यासारखं नाही. हसण्यासारखं आहे ते, सोनं कोणी, कुठं आणि किती उघडपणे घातलं हे. सोनं तिजोरीत असलं की ते खानदानी. सोनं गळ्यात लटकून बेशरमपणे चमकलं, की ते गावंढळ. पैसा असणं गुन्हा नाही, पैसा मिळाल्याचा आनंद दाखवणं हा गुन्हा.

आणि हा कायदा आपल्याला नवा नाही, दोस्तहो. आपल्या आज्यांना कोणते दागिने घालायचे, कोणत्या धातूचे घालायचे, लुगडं कुठपर्यंत नेसायचं, हे गाव ठरवायचं. माझ्या आजीकडं कथलाच्या पाटल्या होत्या. वजनानं हात खाली यायचा. ती शोभेची वस्तू नव्हती, ती पाटी होती. लांबून बघूनच कळावं, कोण येतंय. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेब आपल्या बायांसमोर बोलले ते हेच बोलले. ही जात सांगणारी निशाणी अंगावरून उतरवा, लुगडी पांढरपेशा बायांसारखी नेसा, कोपरापर्यंतचं चांदी-कथील टाका, आणि दागिना घालायचाच तर सोन्याचा घाला. बाया घरी गेल्या आणि नेसण बदललं. राज्यघटना लिहायच्या वीस-बावीस वर्षं आधी या माणसानं आपल्या आयांच्या मनगटावरची घटना बदलली. म्हणून कोणी सोन्याला हसलं की मी आधी विचारतो, बाबा, तू कोणाच्या सोन्याला हसतोयस?

तुम्ही म्हणाल, लाहिरी कुठं आपला होता? बरोबर. बंगाली ब्राह्मण. जन्म १९५२, जलपायगुडी. खरं नाव आलोकेश. आई-बाप दोघं गाणारे, किशोरकुमार नात्यानं मामा. तिसऱ्या वर्षापासून तबल्यावर हात. तो काही फुटपाथवरून आला नव्हता. त्यानं सोनं घातलं ते अमेरिकेतल्या एल्व्हिस प्रेस्लीचं बघून. त्याला मी आपला पुढारी म्हणत नाही. पण ऐका. तो ज्यांच्यासाठी गात होता ती माणसं आपली होती. त्याच्या गळ्याकडं बघून हसणारा खरं तर त्याच्या श्रोत्यांकडं बघून हसतो. उल्हासनगरच्या बाजारात एक ग्रॅम सोन्याचा मुलामा दिलेली साखळी घेऊन भीमजयंतीला छाती उघडी टाकून नाचणारा आपला पोरगा, त्याला हे लोक तोंडावर हसू शकत नाहीत. ॲट्रॉसिटीची भीती आहे. तर ते बप्पीला हसतात.

उलट बाजूपण सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल हा सोन्याची जाहिरात करतोय. साखळी म्हणजे मुक्ती नाही. आमच्या गल्लीत हप्त्यावर साखळी घेणारे आहेत आणि पोराची फी थकवणारेपण तेच आहेत. बाबासाहेबांनी त्याच महाडात पोरापोरींना शिकवायलाही सांगितलं होतं. साखळी घालायचा हक्क आणि साखळी घालायची गरज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हक्कासाठी मी भांडेन. गरज तुझी तू तपास.

आता दुसरा. इस्त्रीचा शर्ट. अभिरुचीवाला.

हा जास्त धोक्याचा, कारण हा शिवी देत नाही. हा 'सवंग' म्हणतो. 'उथळ' म्हणतो. आणि माणूस मेल्यावर सभ्यपणा म्हणून एक वाक्य जोडतो: "पण त्यानं काही चांगली गाणीही केली." मग तो १९७६ च्या 'चलते चलते' चं नाव घेतो, १९८५ च्या 'ऐतबार' मधल्या गझलेचं नाव घेतो. म्हंजे काय, तर आरोपीला माफीचा साक्षीदार करायचा. याला गझल जमत होती म्हणून याची डिस्को माफ. अरे, माफी कोणी मागितलीय? ज्या गाण्यांवर त्यानं लाखो माणसं उभी केली त्या गाण्यांसाठी त्याला माफ करता, आणि जी तुमच्या दिवाणखान्यात बसतात त्यांच्यासाठी त्याला हार घालता. ही श्रद्धांजली नाही, ही शुद्धी आहे. मेलेल्या माणसाला गोमूत्र शिंपडून आत घेणं आहे.

आणि ज्यांना हे लोक सरस्वती म्हणतात त्या लताबाई बप्पीकडं गायल्या. १९७५ च्या 'जख्मी' मध्ये गायल्या, १९८१ च्या 'ज्योती' मध्ये गायल्या. त्यांना विटाळ झाला नाही. विटाळ ऐकणाऱ्यांना होतो, गाणाऱ्यांना नाही.

आता १९८२ कडं चला. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर. त्याच वर्षी डिसेंबरात 'डिस्को डान्सर' लागला. आमचा आजा गिरणीत बदली कामगार होता. संप लांबला तशी परळची खोली सुटली आणि आमचं घरदार कल्याण पूर्वेला आलं. अशी किती घरं या कोळसेवाडीत, तिकडं वागळे इस्टेटीच्या डोंगरावर, कळव्यात, अंबरनाथला आली असतील मोजा. बाप तेव्हा चौदा-पंधरा वर्षांचा. घरात चूल एक वेळची. आणि बाप सांगतो, त्या वर्ष-दोन वर्षांत वस्तीतला एकेक पोरगा मिथुन झाला. केस मिथुन, चाल मिथुन, कपाळाला पट्टी.

अभिरुचीवाला म्हणतो, बघा, पोटात अन्न नाही आणि नाच सुचतोय. भांडवलदारांनी कामगारांना अफू दिली. आपल्यातले काही डावे दोस्तपण असंच बोलतात. मी म्हणतो, जरा तो पिक्चर बघा तरी. पटकथा राही मासूम रझांची, 'आधा गाव' लिहिणाऱ्या माणसाची. गोष्ट काय? रस्त्यावर गाणारा गरीब पोरगा. श्रीमंताच्या घरचं गिटार हातात घेतलं म्हणून आईवर चोरीचा आळ. आई तुरुंगात. वस्ती 'चोर' म्हणून हिणवते. मायलेकांना गाव सोडावं लागतं. पुढं तोच पोरगा गिटार घेऊनच त्या शेठसमोर उभा राहतो. आता सांगा, ज्याच्या आईला धुण्याभांड्याच्या घरी कधी ना कधी चोर म्हटलंय, त्या पोरानं हा पिक्चर बघून काय करावं? मान डोलवावी? तो नाचणारच. शिट्टी मारणारच. त्याला पिक्चरमधून क्रांती मिळाली नाही, मान्य. पण आपल्या आईवरचा आळ खोटा होता, हे त्याला पहिल्यांदा मोठ्या पडद्यावर, मोठ्या आवाजात ऐकू आलं.

आणि नाचाबद्दल एक गोष्ट सांगतो, ती पुस्तकात नाही, ती गोदीत आहे. जहाज लागलं की माझं शरीर माझं नसतं. मुकादम बोट दाखवील तिकडं ते जातं. क्रेनवाल्याला हात केला की थांबतं. पोत्याच्या वजनाएवढं वाकतं. सुट्टीचा भोंगा होईपर्यंत खांदा, कंबर, गुडघा, सगळं भाड्यानं दिलेलं. कंत्राटी माणसाचं तर अजूनच, कारण गुडघा दुखतोय म्हटलं की उद्या गुडघ्यासकट घरी. असा माणूस रात्री हळदीत, वरातीत, जयंतीत नाचतो तेव्हा तो फालतूपणा करत नाही. दिवसभर भाड्यानं दिलेलं शरीर तो सोडवून आणतो. त्याला सतार नको, दोस्तहो. त्याला ठोका पाहिजे. साधा, सरळ, छातीवर बसणारा ठोका. बप्पीनं तो दिला. १९८६ या एका वर्षात ३३ पिक्चर आणि १८० च्यावर गाणी असा विक्रम त्याच्या नावावर सांगतात. लोक म्हणतात, कारखाना होता तो. होय, कारखानाच. आम्हाला कारखान्यात तयार झालेल्या मालाची लाज नाही, आम्ही तोच उतरवतो.

त्याचं खोटंपण सांगायला पाहिजे. नाहीतर आपण आणि भक्त यांच्यात फरक काय? बप्पीनं परदेशी चाली उचलल्या. 'वन वे तिकीट' उचललं, बगल्सचं 'व्हिडिओ किल्ड द रेडिओ स्टार' उचललं. नाव दिलं नाही. त्या काळातल्या त्याच्या कितीतरी गाण्यांत बाई म्हणजे निव्वळ कंबर. आमच्या वस्तीतली एक ताई म्हणाली, त्याच्या गाण्यावर तुम्ही नाचता, आणि त्याच गाण्यावर रस्त्यातून जाताना आम्हाला शिट्ट्या ऐकाव्या लागतात. तिचं खरं आहे. ठोका घ्यायचा आणि शिट्टी टाकायची, एवढी निवड आपल्याला करता यायला पाहिजे.

पण उचलेगिरीचं पुढं ऐका. २००२ ला अमेरिकेत ट्रुथ हर्ट्स नावाच्या गायिकेचं 'ॲडिक्टिव्ह' गाणं गाजलं. त्यात 'ज्योती' मधलं लताबाईंनी गायलेलं बप्पीचं गाणं जसंच्या तसं घुसडलेलं. नाव नाही, पैसे नाहीत. लॉस एंजेलिसच्या कोर्टात प्रकरण गेलं आणि २००३ मध्ये न्यायाधीशानं बप्पीचं नाव दिल्याशिवाय रेकॉर्ड विकायची नाही असा आदेश दिला. उचलणाऱ्याकडून उचललं, आणि तो कोर्टात जिंकला. का जिंकला? कारण त्याच्यामागं कागद होता, कंपनी होती, वकील होता.

आमच्या वस्तीत एक म्हातारा कवी होता. भीमगीतं लिहायचा. फिल्मी चालीवर लिहायचा, बप्पीच्या चालीवरपण लिहायचा. आपल्या जलशांची रीतच ती. लोकांच्या ओठावर जी चाल आहे तिच्यात बाबासाहेब भरायचे, म्हणजे चाल शिकवावी लागत नाही. ऐंशीच्या दशकात कॅसेट स्वस्त झाली, टेप घरोघर आले, त्याची चार-पाच गाणी एका कॅसेटमध्ये गेली. कव्हरवर नाव दुसऱ्याचं. मिळाले किती? रिक्षाचं भाडं. तो मेला तेव्हा जयंतीच्या मिरवणुकीत त्याचंच गाणं वाजत होतं आणि नाचणाऱ्या पोरांना माहीत नव्हतं की हे लिहिणारा गल्लीच्या टोकाला तिरडीवर आहे. चाल उचलली म्हणून आपल्या कवीला चोर म्हणणारे खूप भेटतील. त्याचे शब्द कोणी उचलले, हे विचारणारा एक नाही. लाहिरीच्या सोन्यापेक्षा मला हा हिशोब महत्त्वाचा वाटतो.

म्हणून आता तिसरा माणूस. मांडीवर बोटं नाचवणारा. न बोलणारा.

२००४ साल घ्या. मे महिन्यात नाशिकला वामनदादा कर्डक गेले. जूनमध्ये प्रल्हाद शिंदे गेले. दीड महिन्याच्या आत आपल्या गाण्याचे दोन खांब पडले. एकानं हजारोंनी गाणी लिहिली, गावोगाव पायपीट करून गायली. दुसऱ्याचा आवाज असा की लाऊडस्पीकर नसता तरी चालला असता. मी तेव्हा लहान. पण बाप सांगतो, प्रल्हाददादा गेल्याचं कळलं तशी वस्तीत कोणी सभा घेतली नाही. लोकांनी टेप बाहेर काढले, ओट्यावर ठेवले आणि लावले. एका घरात भीमगीत, एका घरात कव्वाली, एका घरात विठ्ठलाचं गाणं. सगळं एकमेकांत मिसळलं. बाया भांडी घासता घासता रडत होत्या. राष्ट्रीय दुखवटा नव्हता. सार्वजनिक सुट्टी नव्हती. दुसऱ्या दिवशी बाप कामावर गेला.

आणि गंमत बघा. 'पाऊले चालती पंढरीची वाट' हे प्रल्हाद शिंद्यांचं गाणं. आषाढी आली की डोंबिवलीपासून पुण्यापर्यंत कुठल्या सोसायटीत ते वाजत नाही? ज्यांच्या आजोबांनी चोखोबाला पायरीवर ठेवलं त्यांच्या देवघरात आपला माणूस गातोय. गळा चालतो. गळ्याच्या वरचं तोंड कोणाचं, हे विचारायचं नाही. नाव सांगितलं की म्हणतात, "हो का? ते लोकगीतवाले?" आणि त्याच घरातून आनंद-मिलिंद शिंद्यांची गाणी वरातीत वाजली की तेच लोक खिडक्या लावून घेतात.

२६ नोव्हेंबर २०१० ला, संविधानदिनी, नागपूरच्या दीक्षाभूमीवरच्या कार्यक्रमात विठ्ठल उमप मंचावरच कोसळले आणि गेले. गाणाऱ्या माणसाला यापेक्षा मोठं मरण कुठलं? पण महाराष्ट्राच्या शाळेत कुठला पोरगा हे शिकतो? अण्णाभाऊ १९६१ ला रशियाला जाऊन आले, त्यांचा स्टालिनग्राडचा पोवाडा रशियनमध्ये गेला. १९६९ ला हलाखीत गेले. पुढं 'डिस्को डान्सर' पण त्याच रशियात तुफान चालला. ज्या दोन गोष्टींना इथल्या दिवाणखान्यानं नाक मुरडलं त्या दोन्ही हजारो मैलांवरच्या कामगारांना कळल्या. भाषा न कळता कळल्या. तेव्हा आपल्या कानात काहीतरी खोट आहे असं समजू नका. खोट दिवाणखान्याच्या कानात आहे.

अजून एक. बप्पी मेला त्याच वर्षी, २०२२ च्या ऑक्टोबरच्या शेवटी, चीनमध्ये टाळेबंदीत घरात कोंडलेल्या लोकांनी 'डिस्को डान्सर' मधलं जिमीचं गाणं वाजवत व्हिडिओ काढले. रिकामी भांडी कॅमेऱ्यासमोर धरली. कारण तिथल्या भाषेत 'जिए मी' म्हणजे 'तांदूळ उसना द्या'. डोक्यात घ्या हे. बोलायची बंदी आहे, घोषणा द्यायची बंदी आहे, पोटात भूक आहे. तेव्हा माणसांनी निवडलं काय? राग नाही, भजन नाही. मेलेल्या डिस्कोवाल्याचं गाणं. ज्याला इथं गोंगाट म्हणून हिणवलं, तो तिकडं भुकेची घोषणा झाला. हे बप्पीनं केलं नाही, त्याला स्वप्नातपण सुचलं नसतं. हे भुकेल्या माणसांनी केलं. गाणं करणाऱ्याच्या हातून सुटतं आणि ज्याला गरज आहे त्याच्या हातात जातं.

तर दोस्तहो, मला काय म्हणायचंय?

बप्पी लाहिरीचा फोटो बुद्ध-फुले-आंबेडकरांच्या शेजारी लावा असं मी म्हणत नाही. त्याची जयंती करू नका. आपल्याकडं फोटो कमी नाहीत, काम कमी आहे. मी तीन कामं सांगतो.

पहिलं. हसण्याची चाचणी घ्यायला शिका. कुठल्याही माणसाच्या कपड्याला, बोलीला, चमकीला, गाण्याला लोक हसले की आपण लगेच दात काढायचे नाहीत. विचारायचं, याच गोष्टीला दुसऱ्याच्या अंगावर हे हसले असते का? उत्तर नाही आलं, तर ते हसू आपल्या दिशेनं सोडलेलं आहे असं समजायचं. शिकलेल्या आपल्या पोरांना हे जास्त लागू. दोन इयत्ता पुढं गेला की वस्तीच्या स्पीकरची लाज वाटायला लागते. तो इस्त्रीचा शर्ट सगळ्यात आधी आपल्याच पोराच्या अंगावर चढतो.

दुसरं. आपल्या गाणाऱ्यांची, लिहिणाऱ्यांची, वाजवणाऱ्यांची यादी करा. कल्याण पूर्व, उल्हासनगर, अंबरनाथ, कळवा, वागळे इस्टेट. एकेक गल्ली घ्या. कोण लिहायचं, कोणत्या चालीवर, कोणत्या साली, कॅसेटवर नाव आलं का, पैसे मिळाले का. म्हाताऱ्यांच्या वह्या पत्र्याच्या पेटीत आहेत. एका पावसात जातील. मोबाईल आहे ना प्रत्येकाच्या हातात? रील बनवण्याआधी त्या वहीच्या पानांचे फोटो काढा. माणूस जिवंत आहे तोवर त्याच्यासमोर बसा, त्याला गाऊ द्या, रेकॉर्ड करा. मेल्यावर बॅनर लावू नका. बॅनरवर मेलेला छोटा असतो आणि श्रद्धांजली वाहणारे नगरसेवक मोठे असतात.

तिसरं. पैशाचं. आपल्या जयंतीत डीजेला हजारो रुपये मोजता, बिल घेता. ज्याचं गाणं वाजतं तो जर आपल्याच वस्तीत उपाशी असेल, तर आधी त्याचं पाकीट, मग डीजेचं. कमिटीच्या जमाखर्चात एक रकाना वाढवा: कवीचं मानधन. उपकार म्हणून नको, मजुरी म्हणून द्या. आम्ही गोदीत पोतं उचलतो त्याची मजुरी मागतो. शब्द उचलणं हलकं काम आहे असं कोणी सांगितलं तुम्हाला?

सोनं मोजणाऱ्यांनी सोनं मोजावं. त्यांचा तराजू तेवढाच आहे. आपण आपला तराजू काढू. त्यात एका पारड्यात गाणं ठेवू आणि दुसऱ्यात ते ऐकून किती वाकलेली माणसं ताठ झाली ते ठेवू. या तराजूत वामनदादा किती भरतात, प्रल्हाददादा किती भरतात, आणि हो, तो बप्पीपण किती भरतो, ते मोजू. पण मापं आपली असतील.

त्या यादीचं पहिलं पान आज रात्री इथंच लिहायला घेऊ. वही मी आणलीय. ज्यांना नावं माहीत आहेत त्यांनी सभा संपल्यावर पुढं यावं.

जय भीम.